कारखान्यातली नोकरी संपत आली: पैसे कुठे ठेवावेत, दिवस कसा लावावा?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. वाळवा तालुक्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात फिटर म्हणून लागलो, आता मिल हाउसला, म्हणजे ऊस गाळणाऱ्या विभागात, फोरमन आहे. यंदाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी साठ पूर्ण होतील आणि निवृत्ती. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून ४१ लाखांच्या आसपास हातात येतील असं टाइम ऑफिसने सांगितलंय. ईपीएस-९५ ची (प्रॉव्हिडंट फंडाबरोबरची) पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षीच सुरू झाली, ती महिना चार हजार. घर स्वतःचं, कर्ज नाही. दोन एकर रान, त्यात ऊस. मंडळी ५७ वर्षांची. मुलगी कोल्हापूरला दिली आहे. मुलगा पुण्यात नोकरीला, त्याला फ्लॅट घ्यायचाय, त्याने पंधरा लाखांची मदत मागितली आहे. भांडण नाही, हक्काने मागितलेत.

घरखर्च, औषधं, आहेर-माहेर, गाडीचं पेट्रोल धरून महिना २२ हजार लागतात.

निवृत्तीची बातमी फुटल्यापासून घरी रोज कोणीतरी येतंय. पतसंस्थेवाले, विमा एजंट, प्लॉटवाले. चहा पिऊन झाला की सगळे एकच विचारतात, एकूण किती मिळणार?

दुसरी काळजी त्याहून मोठी आहे. आमचं आयुष्य भोंग्यावर चाललं. हंगामात पाळ्या, हंगाम संपला की ओव्हरहॉलिंग. मोकळा दिवस म्हणजे काय ते माहीत नाही. माझ्याआधी निवृत्त झालेली, अंगाने दणकट असलेली माणसं वर्षभरात खचलेली मी पाहिली आहेत.

आपल्या सातारा-सांगली भागातल्या लोकांनी सांगावं. पुण्या-मुंबईच्या हिशोबाने दिलेले सल्ले इथे बसत नाहीत.


जुना_पोस्टमास्तर

फोरमनसाहेब, अभिनंदन. एकूण किती मिळणार हा प्रश्न येणाऱ्यांचा आहे, तुमचा नाही. महिन्याला किती येणार, हा तुमचा प्रश्न. आजवर दरमहा पगार आला, पुढेही दरमहा यायला हवा. फरक इतकाच की तो आता तुमचा तुम्ही लावायचा.

तुम्हाला २२ हजार हवेत. चार हजार पेन्शन आहे. राहिले अठरा हजार, ते सरकारी योजनांतून उभे करा.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा व्याजदर २०२५-२६ साठी ८.२ टक्के. मर्यादा ३० लाख (एप्रिल २०२३ पर्यंत १५ लाख होती). मुदत ५ वर्षं, पुढे ३-३ वर्षांनी वाढवता येते. खातं काढताना असेल तो दर पूर्ण पाच वर्षं तोच राहतो, मधे सरकारने कमी केला तरी तुम्हाला फरक पडत नाही. व्याज दर तिमाहीला, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, १ जानेवारी.

पोस्टाची मासिक प्राप्ती योजना ७.४ टक्के. एकट्याच्या नावावर ९ लाख, दोघांच्या १५ लाख.

आता मांडणी बघा. २० लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत: तिमाहीला ४१,००० म्हणजे महिना साधारण १३,६६०. मासिक प्राप्तीत ९ लाख: महिना ५,५५०. पेन्शन धरून २३ हजारांच्या वर गेलात. यात १२ लाख शिल्लक राहतात. त्यातले ५ लाख अडीअडचणीला बँकेच्या एफडीत, आणि ७ लाख लांबच्या काळासाठी. ऊसबिल यात धरलेलं नाही आणि धरूही नका.

काउंटरवर बसून शिकलेल्या दोन गोष्टी सांगतो. वीस लाखांचं एकच खातं काढू नका, पाच-पाच लाखांची चार काढा. मुदतीआधी मोडायची वेळ आली तर एकच मोडेल. पहिल्या वर्षात मोडलं तर व्याज मिळत नाही, दिलेलं परत कापतात. एक ते दोन वर्षांत दीड टक्का कापतात, दोन वर्षांनंतर एक टक्का. दुसरं, तिमाहीचं व्याज खात्यात तसंच पडून राहिलं तर त्यावर व्याज मिळत नाही. म्हणून ते थेट बचत खात्यात वळतं करून घ्या. वर्षानुवर्षं व्याज न उचललेली खाती मी पाहिली आहेत, आणि ती बहुतेक अशा लोकांची असायची ज्यांना पैशाची खरी गरज होती.


हळदपेठ_सांगली

पतसंस्थेवाले चहा पिऊन गेले म्हणालात, म्हणून लिहितोय.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सहकाराने फार मोठं काम केलंय. सहकारावर माझा राग नाही, मी स्वतः सभासद आहे. पण ठेवीचं संरक्षण कुठे आहे आणि कुठे नाही हे माणसाला पाठ पाहिजे. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, ठेव विमा महामंडळाचं ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० पर्यंत ते फक्त १ लाख होतं. हे पाच लाख एका माणसाला एका बँकेत, मुद्दल आणि व्याज मिळून. त्याच बँकेच्या तीन शाखांत तीन ठेवी ठेवल्या तरी पाचच. कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये रद्द केला, तेव्हा ९९ टक्क्यांहून जास्त ठेवीदारांना या विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं. अडकतात ते पाच लाखांवरचे. आणि तिथे बहुतेक निवृत्त माणसंच असतात, कारण एकरकमी पैसा त्यांच्याकडेच येतो.

पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीलाही नाही. आमच्या थोरल्या चुलत्यांची निवृत्तीची रक्कम एका पतसंस्थेत गेली, दीड टक्का जादा व्याज मिळतं म्हणून. संचालक ओळखीचे होते, घरातल्या लग्नाला आलेले होते. पतसंस्था अडचणीत आली आणि चुलते अखेरपर्यंत त्या दारात फेऱ्या मारत राहिले. आजारपणाचं बिल भावांनी भरलं. दीड टक्का जादा म्हणजे लाखाला महिना सव्वाशे रुपये. त्यासाठी मुद्दल पणाला लावू नये.


शाळाबाई_सातारा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. जुनी पेन्शन असल्याने माझं गणित वेगळं आहे, पण मुलाच्या पंधरा लाखांबद्दल बोलावंसं वाटतं.

पोस्टमास्तरांच्या पद्धतीनेच बघा. ८.२ टक्क्यांनी पंधरा लाखांचं व्याज महिन्याला सव्वादहा हजार होतं. म्हणजे मुलाला पंधरा लाख देणं म्हणजे दरमहा सव्वादहा हजार रुपये देणं, तेही कायमचे. बावीस हजारांत चालणाऱ्या घरातून. असं मांडून मुलापुढे ठेवा. तुमचा मुलगा समंजस वाटतो. पोराला आकडा दिसत नसतो म्हणून तो मागतो, त्याच्या मनात वाईट नसतं. त्याच्यापुढे वीस वर्षं पगाराची आहेत, बँक त्याला कर्ज देईल. तुम्हाला साठीनंतर घर चालवायला कोणी कर्ज देणार नाही.

द्यायचंच असेल तर त्या सात लाखांतून तीन-चार द्या आणि लेकीलाही डोळ्यांपुढे ठेवा.

घर आणि रान मात्र जिवंतपणी कोणाच्या नावावर करू नका. महाराष्ट्रात मुलांना राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीसपत्राने द्यायला मुद्रांक फक्त २०० रुपये लागतो, त्यामुळे "करून टाका ना, स्वस्तात होतंय" असं सांगणारे खूप भेटतील. बक्षीसपत्र झालं की मालकी गेली. त्यापेक्षा मृत्युपत्र करा. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही (तरी केलेली बरी), आणि मन बदललं तर ते बदलता येतं. दोन साक्षीदार असे घ्या ज्यांना त्यातून काही मिळणार नाही. खात्याला नॉमिनी लावला की झालं, असं पुष्कळांना वाटतं. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक वारस असतात.

आणि ज्यांनी आधीच नावावर करून दिलंय त्यांच्यासाठी: २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ झाला नाही तर परत मागता येते. ती अट कागदात लिहिलेली असणं फार महत्त्वाचं. अर्ज प्रांतांकडच्या न्यायाधिकरणात करायचा, वकील लागत नाही. माहितीसाठी १४५६७ ही एल्डर लाइन, म्हणजे ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

एक शेवटचं. वहिनींना या सगळ्यात बसवा. पासबुक कुठे, कोणत्या तारखेला काय येतं, पोस्टात कोणत्या खिडकीवर जायचं, हे त्यांना आजच माहीत असू द्या. ईपीएस पेन्शनरच्या पत्नीला मागे निम्मी पेन्शन मिळते. तुमच्या बाबतीत ती दोन हजार. तेवढ्यावर त्यांचं कसं भागणार याचा हिशोब तुम्ही आज करून ठेवायचा आहे.


राज्य_कर्मचारी

बाई, मधेच विचारतो. मी पुढच्या वर्षी निवृत्त होतोय, जुनी पेन्शन. पेन्शन विकावी, म्हणजे तिचा काही भाग आधीच एकरकमी घ्यावा, की नको?


शाळाबाई_सातारा

४० टक्क्यांपर्यंत विकता येते आणि १५ वर्षांनी पूर्ववत होते. माझं मत सांगते: कर्ज डोक्यावर असेल तर विका आणि कर्ज फेडा. नुसती रक्कम हातात यावी म्हणून विकायची असेल तर आधी ती कुठे ठेवणार ते ठरवा. आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला विसरू नका. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो.


पंचाहत्तरी_पर्यंत_डेपो

मी एसटीत वाहक होतो. वर ४१ लाखांच्या गोष्टी चालल्यात त्या चालू द्या, पण इथे वाचणारे सगळे तसे नाहीत. आमची पेन्शन पण ईपीएस-९५ चीच. कमीत कमी पेन्शन १,००० रुपये, सप्टेंबर २०१४ पासून तिथेच आहे. तिला महागाई भत्ता नाही. किमान साडेसात हजार आणि वर महागाई भत्ता द्या ही मागणी देशभरातले पेन्शनर किती वर्षं करतायत.

लोक विचारतात तीस वर्षं नोकरी करून एवढीच कशी? गणित असं आहे. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पण पगार खरा धरत नाहीत, मर्यादा धरतात. आता ती पंधरा हजार आहे, सप्टेंबर २०१४ च्या आधीची वर्षं साडेसहा हजारांवर मोजतात. म्हणून फोरमन असो नाहीतर वाहक, तीन-चार हजारांतच बसतात.

आमच्यासारख्यांना निवृत्तीनंतर "सक्रिय राहा" म्हणजे काम करा, एवढाच अर्थ. मी गावच्या शाळेच्या बसवर सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास जातो. पैसे थोडे मिळतात, पण पोरं "मामा" म्हणून हाक मारतात, दिवसाला आकार राहतो. आणि गुडघे कुरकुरायचे थांबले. गाडीत तीस वर्षं उभं राहून काम केल्यावर एकदम खुर्चीत बसलं की अंग धरतं हो.

प्रवासाचं म्हणाल तर आपली लालपरी आहे. ७५ पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून फुकट, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, आणि बायकांना मार्च २०२३ पासून कोणत्याही वयात अर्धं. वहिनींना घेऊन फिरा की. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती अजून सुरू झालेली नाही.


कृष्णाकाठ

मामा, तुमचं एकदम पटलं. माझी पेन्शन कमी का, हे टाइम ऑफिसलाही इतकं सोपं सांगता आलं नव्हतं.

बाई, सव्वादहा हजारांचा आकडा रात्री मंडळींना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, लेकाला मीच सांगते.

पोस्टमास्तर, एक शंका. आज बावीस हजार लागतात. दहा-बारा वर्षांनी?


जुना_पोस्टमास्तर

बरोबर विचारलंत. महागाई सहा टक्के धरली तर खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. बावीसचे चव्वेचाळीस. व्याज मात्र तेवढंच राहतं. म्हणून ते सात लाख वाढीसाठी ठेवायला सांगितले. म्युच्युअल फंडातला हायब्रिड प्रकार, ज्यात शेअर आणि कर्जरोखे दोन्ही असतात, तो अशा पैशाला चालतो. अट एकच, सात-आठ वर्षं हात लावायचा नाही. बाजार पडल्यावर झोप उडत असेल तर रिझर्व्ह बँकेचे बदलत्या दराचे बाँड घ्या. सात वर्षं मुदत, राष्ट्रीय बचत पत्राच्या (एनएससी) दरापेक्षा ०.३५ टक्के जास्त, दर सहा महिन्यांनी दर ठरतो.

तुमच्या एकूण उत्पन्नावर प्राप्तिकर बसणार नाही. पण व्याज वर्षाला एक लाखाच्या वर गेलं की पोस्ट टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतं. कापू नये म्हणून दर एप्रिलमध्ये घोषणेचा फॉर्म भरून द्या, लोक त्याला १५एच म्हणूनच ओळखतात.


हळदपेठ_सांगली

ऊसबिलाबद्दल पोस्टमास्तरांना अनुमोदन. २०२५-२६ ची एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,५५० आहे, कायद्याने १४ दिवसांत मिळायला हवी, पण हप्ते कसे पडतात हे फोरमनना मी सांगायला नको. शिवाय नदीकाठचं रान. २०१९ आणि २०२१ दोन्ही पुरांत काय झालं ते आपण पाहिलंय. म्हणून ऊसबिल वार्षिक खर्चाला लावा: विम्याचा हप्ता, घरपट्टी, घराची डागडुजी, यात्रा. एखाद्या वर्षी आलं नाही तरी चूल चालू राहते.


मिरजेची_परिचारिका

मी मिरजेत नर्सिंगमध्ये आयुष्य काढलं. साठीतल्या पुरुषांना वॉर्डात आणताना घरचे काय बोलतात ते ऐकून ऐकून सांगते: "निवृत्त झाल्यापासून बसूनच असतात."

आधी पैशाचं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. सत्तरीनंतर उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मानचं वय वंदना कार्ड निघतं (ऑक्टोबर २०२४ पासून), तेही ५ लाखांचं. दोन्ही योजना यादीतल्या रुग्णालयांत आणि यादीतल्या उपचारांनाच. रोजच्या गोळ्या, तपासण्या त्यात येत नाहीत. म्हणून दोघांचा खाजगी आरोग्य विमा जमत असेल तर आताच घ्या. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीच्या हप्त्यावर जीएसटी नाही. आधीच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणजे आज घेतला तर त्रेसष्टाव्या वर्षी पूर्ण लागू होईल. बीपी, शुगर असेल तर फॉर्मवर स्पष्ट लिहा. लपवलेलं दाव्याच्या वेळी बाहेर येतं.

आता अंगाचं. सगळे फक्त चालतात. चालणं चांगलंच, आठवड्याला दीडशे मिनिटं दमदार चाल हवी. पण वय वाढलं की स्नायू झडतात आणि तोल जातो. बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं की हिंडतंफिरतं माणूस अंथरुणाला खिळतं. आठवड्यातून दोनदा तरी ताकदीचा व्यायाम करा. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीला हात लावून जोर, पाण्याचा कॅन उचलणं. ओट्याला धरून एका पायावर उभं राहा. ताटात भाकरीबरोबर रोज डाळ, उसळ, दही, अंडं असू दे. नुसत्या भाकरी-ठेच्यावर स्नायू टिकत नाहीत.

आणि फोरमनदादा, तुम्ही मिल हाउसला होतात. कान तपासून घ्या. इतकी वर्षं त्या आवाजात काढल्यावर ऐकू कमी आलेलं असतं, पण घरचेच मोठ्याने बोलायला लागतात म्हणून माणसाच्या लक्षात येत नाही. मग माणूस चारचौघांत जायचं टाळतो, एकटा पडतो. ऐकू कमी येणं हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्यासारख्या कारणांमध्ये धरलं जातं. खचलेली माणसं म्हणालात ना, त्यातल्या एखाद्याला नुसतं नीट ऐकू येत नसेल.


चारभिंती

ताईंनी कानाचं लिहिलं ते इथल्या प्रत्येक कारखान्याच्या नोटीस बोर्डावर लागायला हवं.

मी साताऱ्याचा. अजिंक्यताऱ्यावर पहाटे जाणाऱ्यांची आमची टोळी आहे, त्यात निवृत्त शिक्षक, दुकानदार, माजी सैनिक सगळे. कोणी सलग आलं नाही तर संध्याकाळी त्याच्या घरी जायचं, हा नियम. डॉक्टरच्या गोळीइतकंच काम हा नियम करतो असं मला मनापासून वाटतं. नव्यांना एकच सांगणं: चढण दमवते, पण गुडघे धरतात ते उतरताना. उतरताना पावलं लहान टाका, काठी घ्या. आमच्यातले काही यवतेश्वर घाटातल्या हिल मॅरेथॉनला नाव देतात, पण तिथवर जायलाच पाहिजे असं नाही.

फोरमन, तुमच्या भागात घाट, नदी, वाचनालय, तालीम सगळं आहे, पण माझं मन वेगळंच सांगतंय. ज्याने मिलचा अवजड रोलर उतरवलाय तो बागेत फेऱ्या मारून रमणार नाही. तुमची विद्या वापरात राहिली पाहिजे. हंगाम संपल्यावर ओव्हरहॉलिंगला जाणकार माणूस सगळ्या कारखान्यांना लागतो, गुऱ्हाळवालेही शोधत असतात. आणि आयटीआयची पोरं फिटरचा कागद घेऊन बाहेर पडतात, पण हातात हातोडा कसा धरायचा ते त्यांना दाखवणारा कोणी नसतो. आठवड्यातून दोन दिवस शिकवा. मोबदला मिळो न मिळो.


कृष्णाकाठ

चारभिंती, शिकवण्याचं डोक्यात नव्हतं. खात्यातली चार अप्रेंटिस पोरं आताच विचारतायत, "अण्णा, तुम्ही गेल्यावर अलाइनमेंटचं कोणाला विचारायचं?" त्यांना रविवारी घरी बोलावणार आहे. मागच्या शेडमध्ये जागा आहे, जुना लेथ मिळाला तर बघतो. कानाच्या तपासणीला मिरजेला जाणार, मंडळींनी तारीख ठरवली पण.

मुलाशी मंडळी बोलल्या. तीन लाखांवर ठरलं, तो स्वतःच म्हणाला बाकीचं कर्ज काढतो. तेवढीच रक्कम लेकीच्या नावाने एफडीत टाकू. म्हणजे वाढीला एकच लाख उरतो, ते खटकतंय.

आणखी एक. पैसे आल्यावर किती दिवसांत ज्येष्ठ नागरिक योजनेत भरावे लागतात? एक जण तीन महिन्यांची मुदत आहे म्हणतो. आणि मंडळींच्या नावाने काढता येईल का?


जुना_पोस्टमास्तर

तीन महिन्यांची अट पंचावन्न ते साठमध्ये निवृत्त होणाऱ्यांना. तुम्ही साठ पूर्ण करताय, तुम्हाला मुदत नाही. वहिनी ५७ च्या आहेत, त्यांच्या स्वतःच्या नावाने साठीनंतरच. तोपर्यंत तुमच्या खात्यात त्यांना जॉइंट घेता येतं, जॉइंटला वयाची अट नाही, पण सगळी रक्कम तुमच्याच मर्यादेत मोजतात. मासिक प्राप्तीला मात्र वयाची अट नाही, ते दोघांच्या नावाने काढा.

एका लाखाचं म्हणाल, तर लेकीची एफडी आत्ताच कशाला? तिचा वाटा मृत्युपत्रात लिहा, तिला विश्वासात घेऊन सांगा, आणि ते तीन लाख वाढीकडेच राहू द्या. शिवाय पेन्शन-व्याजातून महिन्याला हजारभर उरतोय, तोही तिकडेच वळवा.

पैसे आले की आधी ते दोन-तीन बँकांच्या खात्यांत विभागून ठेवा, सगळे एका जागी नकोत. महिनाभर कोणालाही हो म्हणू नका. प्लॉटवाल्याला तर चहाही देऊ नका. मग येताना आधार, पॅन, दोघांचे फोटो आणि वयाचा दाखला घेऊन पोस्टात या. तिमाहीच्या शेवटच्या दिवशी गर्दी असते, मधल्या आठवड्यात या.